लस दिली होती, तरी गंबोरो आला: साक्री तालुक्यातल्या एका शेडचं प्रकरण

धुळे जिल्ह्यात ब्रॉयलर शेडवर फिरताना मी जितके मरतुकीचे रजिस्टर पाहिले, त्यातल्या बहुतेकांत लसीच्या रकान्यात बरोबरची खूण होती. या प्रकरणातही होती, तरी कोंबडीच्या पिल्लांचा गंबोरो हा विषाणूजन्य रोग आलाच. माणसांची ओळख कळेल असे तपशील बदलले आहेत, काही आकडे गोल केले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळी गोम क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

सुरत-धुळे महामार्गापासून आत, कान नदीच्या खोऱ्यातलं गाव. शेतकऱ्याला आपण आप्पा म्हणू. कांदा, थोडा कापूस आणि ४,००० पक्ष्यांचं एक शेड. १६० फूट लांब, २५ फूट रुंद, पूर्व-पश्चिम, दोन्ही बाजूंना जाळी, खाली मातीची जमीन. आधी दोन वर्षं आप्पा एका कंपनीच्या करारात होते. तिथे पिल्लं, खाद्य, लस सगळं कंपनीचं आणि सुपरवायझर आठवड्याला येऊन वजन बघायचा. हिशेबावरून बिनसलं आणि त्यांनी स्वतःचा माल टाकायला सुरुवात केली. स्वतःचा माल म्हणजे नफा आपला. पण सुपरवायझरही आता आपणच, हे सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही.

स्वतःची ही तिसरी बॅच. महाशिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी पिल्लं उतरली. डीलरकडून ४० खोकी आली, त्यांवर दोन वेगवेगळ्या हॅचरींचे शिक्के होते. आधीची बॅच जाऊन जेमतेम ९ दिवस झाले होते. जुनं तूस काढलं होतं, पण कांद्याच्या वावरात टाकायला म्हणून शेडच्या भिंतीपासून ३० फुटांवर त्याचा ढीग तसाच होता.

त्या आधीच्या बॅचमध्येही २६ ते २९ दिवसांच्या दरम्यान सत्तरेक पक्षी गेले होते. तेव्हा गारवा होता, म्हणून थंडी बाधली असं घरात ठरलं. एकही पक्षी कापून पाहिला नाही. माझ्या हिशेबी हे प्रकरण तिथूनच सुरू होतं.

काय घडलं

सहाव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस डोळ्यात थेंब टाकून झाली. ती आप्पांनी स्वतः, दोन माणसं लावून, नीट केली. १४ व्या दिवशी गंबोरोची लस पाण्यातून द्यायची होती. तो दिवस नेमका होळीचा. शेडवरचं जोडपं होळीला आपल्या पाड्यावर गेलेलं आणि आप्पा नाशिकला बहिणीच्या सासऱ्याच्या दहाव्याला. शेडवर एकटा पुतण्या, वय १९, बारावी झालेला, हुशार पोरगा. लस त्यानेच दिली आणि रजिस्टरमध्ये खूण केली.

२२ व्या दिवशी संध्याकाळी काही पक्षी पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेले दिसले. २३ व्या दिवशी १४ मेले. दुपारी पारा ३८ च्या पुढे जात होता, तेव्हा उन्हाने गेले असं वाटलं. २४ व्या दिवशी ४६ मेले आणि मला फोन आला. मी पोचलो तेव्हा आप्पा शेडच्या दारात उभे होते. पहिलं वाक्य हेच: "डॉक्टरसाहेब, लस तं दिनी व्हती ना, मंग हाई काय व्हयनं?"

निदान करताना

गावात मी यायच्या आधीच बर्ड फ्लूची कुजबुज सुरू झाली होती. तिला हसण्यात अर्थ नव्हता. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापूरला, याच महामार्गावर. २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. लाखो पक्षी पुरले गेलेले या भागाने पाहिले आहेत. म्हणून मी आल्या आल्या सुरी काढली नाही. बर्ड फ्लूचा खरा संशय असेल तर पक्षी शेडवर फाडू नये, सरकारी यंत्रणेला कळवून थांबावं.

आधी बाहेर चक्कर मारली. शेडपासून शंभर पावलांवर आप्पांच्या घरच्या दहा-बारा देशी कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. तुरे लालभडक, कोंबडा आरवत होता. या कोंबड्यांना कधी कसलीच लस दिलेली नव्हती. बर्ड फ्लू किंवा मानमोडी आली असती तर पहिला घास याच झाल्या असत्या. गंबोरो मात्र मोठ्या कोंबड्यांच्या वाटेला जात नाही. तो येतो साधारण ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांवर. शेडमधले पक्षी बरोबर त्या वयाचे होते.

आत पाहिलं तर पांढरं पाण्यासारखं शेण, शेपटीखालची पिसं माखलेली आणि काही पक्षी स्वतःच्याच मागच्या भागाला चोच मारत होते. मानेला पीळ नाही, घशात घरघर नाही, हिरवी हगवण नाही, तुरा निळा नाही. शेणात रक्त नाही, म्हणजे कॉक्सीची (आतड्यातल्या परजीवींची) रक्ती हगवणही नाही. आणि मरतूक दुपारपुरती नव्हती. रात्री, पहाटे, सारखी चालू होती. उन्हाने मरणारे पक्षी दुपारी मरतात आणि त्यांत वजनदार आधी जातात.

मग मास्क, हातमोजे चढवून सहा ताजे मेलेले पक्षी उघडले. मांडीच्या आणि छातीच्या मांसात रक्ताच्या रेघा. मूत्रपिंडं सुजलेली, त्यांत पांढरी चुन्यासारखी नक्षी. हृदयाभोवती पाणी नव्हतं, म्हणून लिची रोगही बाद. आणि शेपटीच्या मुळाशी, विष्ठेच्या मार्गाच्या वर असते ती बर्सा नावाची पिशवी. चार पक्ष्यांत ती दुप्पट फुगलेली, वर पिवळसर जेलीचा थर. एकात ती काळ्या द्राक्षासारखी झालेली. ग्रंथींचं पोट आणि पेटारी (दळणारं पोट) जिथे जुळतात तिथे रक्ताचा पट्टा होता. मानमोडीत रक्त ग्रंथींच्या टोकांवर ठिपक्यांनी दिसतं. घाईत ही दोन चित्रं एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक पक्ष्यात पुन्हा पाहिलं.

गंबोरो हे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गावाचं नाव. १९६२ मध्ये तिथल्या कोंबड्यांवरून या रोगाचं वर्णन झालं. त्याचा विषाणू थेट त्या बर्सा पिशवीवर जातो. पक्ष्याच्या प्रतिकारशक्तीच्या बी पेशी तिथे तयार होतात (या पेशींच्या नावातला 'बी' मुळात याच बर्साचा, माणसाच्या डॉक्टरांनी तो कोंबडीकडून घेतला). म्हणजे गंबोरो झालेला पक्षी जगला तरी त्याची तटबंदी पडलेली असते. त्यामुळे पुढचे दोन आठवडे मरतुकीच्या आकड्यापेक्षा जास्त त्रास देतात.

समोर कोणते पर्याय होते

त्या रात्री शेडच्या ओट्यावर बसून चार गोष्टी ठरवायच्या होत्या. आप्पा, पुतण्या, मी आणि फोनवर एक व्यापारी.

व्यापाऱ्याचा प्रस्ताव सगळ्यात आधी आला. पक्षी किलोच्या आसपास होते. निम्म्या भावाने, रात्रीच गाडी लावून सगळा माल उचलतो म्हणाला. आप्पांचा कल तिकडेच होता आणि त्यात मला त्यांची चूक दिसत नाही. डोळ्यांदेखत मरणाऱ्या मालाचे निम्मे पैसे तरी हातात आले असते. पण आजारी पक्ष्यांचे ते क्रेट उद्या दुसऱ्या शेडवर गेले असते, आणि हा रोग आप्पांच्या शेडमध्ये कदाचित असाच कुणाच्या तरी क्रेटमधून आला होता. शिवाय मला गंबोरोचा आलेख माहीत होता. मरतूक तीन-चार दिवस चढते आणि चढते तशीच उतरते. मी आप्पांना म्हटलं, परवापर्यंत आकडे वाढतील, घाबरू नका, मग खाली येतील. आकडा सांगितला नाही. सांगायला हवा होता.

दुसरा पर्याय औषधाचा. २३ व्या दिवशीच मेडिकलवाल्याने एक अँटिबायोटिक दिलं होतं आणि घरात कोलिस्टिनचं जुनं पाकीट होतं. कोलिस्टिन खाण्याच्या जनावरांत वापरायला देशात २०१९ पासून बंदी आहे, ते पाकीट बाजूला काढलं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे आप्पांना पटलं. "पण काहीच नाही द्यायचं?" हा प्रश्न मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून हलेना. मूत्रपिंडं सुजलेली असताना त्यांच्यावरच ताण आणणारी औषधं देणं म्हणजे आगीत तेल. इंजेक्शनसाठी ४,००० पक्षी पकडायचे म्हणजे आणखी मरतूक. नाही द्यायचं, असं ठरलं.

तिसरं, सरकारी दवाखान्याला कळवायचं का? आप्पांना भीती होती की कळवलं तर शेड सील होईल. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी २००९ चा कायदा आहे, कळवणं बंधनकारक आहे, हे मी सांगितलं. पण त्यांना पटलं ते दुसऱ्याच कारणाने. गावातली कुजबुज आपल्या तोंडाने थांबणार नव्हती, ती थांबायला सरकारी कागदच लागणार होता. रात्रीच फोन केला.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. मानमोडीचा दुसरा डोस, लासोटा, नेमका २४ व्या दिवशीच द्यायचा होता. लस फ्रीजमध्ये आणून ठेवलेली. आजारी पक्ष्यांना द्यावी, तर ज्या तटबंदीला ती शिकवायची तीच पडलेली. नाही द्यावी, तर चैत्राच्या तोंडावर, वाऱ्याच्या दिवसांत पक्षी उघडे. मी ती पुढे ढकलली. पुन्हा गंबोरोचीच लस पाजू का, असंही आप्पांनी विचारलं. ज्यांच्या अंगात खरा विषाणू शिरला आहे त्यांना लसीतला पाजून काय उपयोग?

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी पशुधन विकास अधिकारी आले, त्यांनी पाहिलं, गंबोरोवर सहमत झाले, तरी नवापूरची आठवण ठेवून नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवले. निष्कर्ष येईपर्यंत शेडवरून काहीही हलवायचं नाही असं ठरलं. यथावकाश कागद आला: बर्ड फ्लू नाही.

शेडमध्ये पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि गूळ, तीन दिवस खाद्यात मक्याचा भरडा मिसळून प्रथिनं कमी, म्हणजे मूत्रपिंडांचं ओझं हलकं. रात्री हवा गार व्हायची आणि आजारी पक्षी कुडकुडत एकमेकांवर चढायचे, म्हणून ब्रूडरचे बल्ब पुन्हा लावले. पक्षी उठवायचे नाहीत, वजन करायचं नाही, पाहुणे नाहीत. मेलेल्यांसाठी वावराच्या टोकाला सहा फुटी खड्डा, प्रत्येक थरावर चुना. आधीच्या दोन दिवसांचे ६० पक्षी नाल्यात टाकले होते. ते पुतण्याने कुत्री हाकलून गोळा केले आणि आणून पुरले. त्या पोराने त्या आठवड्यात काय काय केलं ते मी पाहिलं आहे.

रोजचे आकडे असे. २५ व्या दिवशी १२०, २६ व्या दिवशी १७०, मग ९५, ४० आणि २९ व्या दिवशी १८. सात दिवसांत ५०३ पक्षी. १७० च्या दिवशी आप्पांनी मला फोन केला नाही, व्यापाऱ्याला केला. तो म्हणाला आता फुकटही नेत नाही.

३० व्या दिवशी, गुढीपाडव्याला, मरतूक ९ वर आली आणि मी लासोटा द्यायला सांगितली. चार दिवसांत शेडमध्ये शिंका, डोळ्यांना फेस, घरघर. उघडलेल्या पक्ष्यांच्या हृदयावर, यकृतावर पांढरी साय. ई. कोलाय, म्हणजे जिवाणूंची बाधा. आता मात्र अँटिबायोटिकला काम होतं. ते मोजून पाच दिवस दिलं आणि विक्रीआधीचे बंदीचे दिवस (औषध थांबवल्यावर पक्षी विकायचे नाहीत ते) रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले. यात आणखी ११० पक्षी गेले.

त्या होळीच्या दिवशी नेमकं काय झालं होतं

हे कळायला २८ वा दिवस उजाडला. मरतूक उतरू लागली तेव्हा मी पुतण्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, रागवणार नाही, तो दिवस सकाळपासून सांग.

लस त्याने धुळ्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून आणली होती. उत्तम. पहाटे तासभर पाणी तोडलं होतं. तेही बरोबर. पण बोअरची मोटर जळालेली, म्हणून पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं भरलं, आणि होळीचा गर्दीचा सण म्हणून त्या सकाळी टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पडलेली. क्लोरीन जिवंत लसीला मारतं. त्याला तोड म्हणून लिटरला दोन-अडीच ग्रॅम स्किम दूध पावडर टाकतात. पावडर नव्हती, त्याने घरचं म्हशीचं तांब्याभर दूध टाकलं.

आणि चारही कुप्या त्याने शेडवरच्या ५०० लिटरच्या काळ्या टाकीत ओतल्या.

इथे मी थांबलो. पाण्यातून लस देताना साधा हिशेब असा: पक्ष्याचं वय जितके दिवस, हजार पक्ष्यांना तितके लिटर. १४ दिवसांच्या ४,००० पक्ष्यांना ५६ लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्त. ते दोन तासांत संपलं पाहिजे, कारण त्यानंतर पाण्यातला विषाणू झपाट्याने मरतो. ५०० लिटर पाणी त्या शेडला जवळपास दिवसभर पुरतं. म्हणजे पिल्लांनी दिवसभर, उन्हात तापलेल्या टाकीतून, नऊपट पातळ केलेली, बहुतांशी मेलेली लस प्यायली. पुतण्या म्हणाला, टाकीत टाकली की सगळ्यांना सारखी मिळेल असं वाटलं. त्याला ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कुपीबरोबरची घडीची चिठ्ठी इंग्रजीत, बारीक अक्षरात.

पण सगळं त्याच्या टाकीवर ढकलणंही बरोबर नाही. दोन हॅचरींची पिल्लं म्हणजे दोन वेगळ्या आईकोंबड्यांचे कळप. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लात साधारण तीन-साडेतीन दिवसांत निम्मी होत जाते. ती जास्त असताना लस दिली तर ती लसीलाच खाते, आणि ती संपल्यावर लस उशिरा दिली तर मधल्या दिवसांत खरा विषाणू घुसतो. ज्या शेडमध्ये अर्धी पिल्लं वरच्या पातळीची आणि अर्धी खालच्या, तिथे सगळ्यांना सोयीचा असा एक दिवस असतच नाही. त्यात ९ दिवसांची सुटी आणि भिंतीशी जुना ढीग. या विषाणूने रिकाम्या शेडमध्ये १२२ दिवस तग धरल्याची नोंद आहे.

निकाल

४० व्या दिवशी ३,३०७ पक्षी विकले. सुरुवातीचे ८० धरून एकूण ६९३ गेले, म्हणजे शेकडा १७ च्या वर. सरासरी वजन १ किलो ८५० ग्रॅम. खाद्य गेलं २४४ गोण्या, एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य, जवळपास २ किलो. वर चैत्र. खानदेशातून सप्तशृंगीच्या गडावर पायी निघणाऱ्यांची रांग लागलेली, घराघरांत मांसाहार बंद, भाव पडलेला. शेडच्या कर्जाचा हप्ता आप्पांनी कांद्याच्या पैशांतून भरला.

निम्म्या भावाने तेव्हाच दिले असते तर? मी नंतर हिशेब केला. फरक फार मोठा नव्हता. थांबण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, पण तो पैशांच्या जोरावर बरोबर होता असं मी आप्पांना सांगू शकत नाही.

पुन्हा अशी वेळ आली तर

लासोटाबद्दल मी आजही स्वतःशी भांडतो. गंबोरोतून उठलेल्या पक्ष्यांना सहाव्या दिवशी, तीही लासोटासारखी तिखट लस देणं मला नडलं असं वाटतं. आसपास मानमोडी नव्हती आणि विक्रीला दहा दिवस उरले होते. आज मी एकतर ती टाळली असती किंवा सौम्य एफ स्ट्रेन वापरला असता. एक सहकारी म्हणतो, ई. कोलाय तसाही येणारच होता, बर्सा गेली होती, शेडमध्ये धूळ आणि अमोनिया होता. त्याचं खरं असू शकतं. तरी त्या ११० पैकी काही माझ्या खात्यावर आहेत.

मरतुकीचा अंदाज आकड्यात सांगायला हवा होता. "वाढेल, मग उतरेल" हे ऐकणाऱ्याला धीर देत नाही. "शेकडा १० ते १५ जातील, तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिखर" असं म्हटलं असतं तर १७० च्या दिवशी फोन मला आला असता.

आणि आधीच्या बॅचचे ते ७० पक्षी. एक जरी उघडला असता तरी शेडमध्ये विषाणू बसला आहे हे जानेवारी-फेब्रुवारीतच कळलं असतं, आणि मग ९ दिवसांत पिल्लं टाकायला मी हात जोडून नाही म्हटलं असतं.

पुढची बॅच आप्पांनी मृगात टाकली. वैशाखाच्या उन्हाने दोन महिने सुटी आपोआप मिळाली. नुसत्या सुटीने हा विषाणू जात नाही, म्हणून ढीग दूरच्या वावरात हलवला, तुसातल्या काळ्या किड्यांचा बंदोबस्त केला (तेही विषाणू वाहतात), सोड्याने धुवून मातीवर फ्लेम गन फिरवली, चुना मारला आणि शेवटी ग्लुटाराल्डिहाइडची फवारणी. पिल्लं एकाच हॅचरीची, एकाच कळपाची मागितली. पहिल्या दिवशी २० पिल्लांचं रक्त तपासून, आईकडून आलेल्या शक्तीच्या पातळीवरून लसीचा दिवस काढला. तो १६ वा निघाला.

त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पुतण्याने बोअरचं ६४ लिटर पाणी प्लास्टिकच्या पिंपात घेतलं, दूध पावडर आणि निळ्या रंगाची गोळी विरघळवली, मग कुप्या पाण्याखाली धरून उघडल्या. दीड तासाने शेडच्या सगळ्या कोपऱ्यांतून ५० पिल्लं उचलून आम्ही चोची उघडून पाहिल्या. ४६ जिभा निळ्या होत्या.

"मंग त्या चार पिल्लासनं काय?" तो म्हणाला, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ड्रिंकरच्या रांगेने चालत गेला. पश्चिमेच्या टोकाला एक ड्रिंकर कोरडा होता. त्याने पाइप झटकला, आतून कचरा निघाला, पाणी आलं.